मोडलेली बाजू कुठली?

दिवाळीला मिरजेला गेलो होतो, तेव्हा वहिनींनी माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. वहिनी तोंड-जबड्याच्या सर्जन आहेत. पेनड्राइव्हमध्ये एका तरुणाच्या डोक्याचा सीटी स्कॅन होता. मोटरसायकलवरून पडून त्याच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटला होता. ऑपरेशन होऊन तो कधीच बरा झाला होता. त्याची लेखी परवानगी घेऊन, नाव-नंबर सगळं काढून, वहिनींनी तो स्कॅन शिकवण्यासाठी जपून ठेवला होता.

"भावोजी, माझ्या विद्यार्थ्यांना ही कवटी मोबाइलवर फिरवून बघता आली पाहिजे. आणि चांगल्या बाजूची खोबण आरशात दिसते तशी उलटी करून प्लास्टिकमध्ये छापून मिळाली, तर त्यावर फुटलेल्या तळाला आधार द्यायची टायटॅनियमची जाळी वाकवायचा सराव करतील. जमेल का तुम्हांला?"

चांगली बाजू उलटी का करायची, हे त्यांनीच समजावलं. माणसाचा चेहरा डावी-उजवीकडे बराचसा सारखा असतो. फुटलेल्या खोबणीचा मूळ आकार शोधायचा, तर शाबूत बाजूची आरशातली प्रतिमा हाच सगळ्यांत जवळचा नमुना. रुग्णालयात हे काम मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरवर होतं. माझ्याकडून हवं होतं ते फक्त सरावासाठी. मी पुण्यात हिशेबाचे प्रोग्रॅम लिहितो. ग्राफिक्स ही माझी कॉलेजपासूनची ओढ, पण पोटापाण्याच्या कामात तिला कधी जागा मिळाली नव्हती. मी हो म्हणालो आणि पुढचे चार महिने रोजची संध्याकाळ त्यात गेली.

थेट त्या स्कॅनला हात लावायची भीती वाटली, म्हणून आधी स्टॅनफर्ड विद्यापीठाने अभ्यासासाठी खुला ठेवलेला जुना सीटी घेतला. मृतदेहाच्या डोक्याचे ११३ काप, म्हणजे एकावर एक रचलेली छेदचित्रं, प्रत्येक काप २५६ गुणिले २५६ ठिपक्यांचा. या क्षेत्रात शिकणारे कितीतरी लोक याच डोक्यावर हात बसवतात. पहिल्यांदा पडद्यावर आणलं तर नुसते मुरमुरे पसरल्यासारखं दिसलं. प्रत्येक ठिपक्याचा आकडा दोन बाइटांचा आहे आणि त्यांचा क्रम माझ्या लॅपटॉपच्या उलट आहे, हे कळायला एक संध्याकाळ गेली. बाइट उलटवले आणि डोकं दिसलं, पण वरून दाबल्यासारखं बसकं. कापांमधलं अंतर कापातल्या ठिपक्यांमधल्या अंतराच्या दुप्पट आहे, हे मी धरलंच नव्हतं. तेही दुरुस्त झाल्यावर नाक, कान, दात जागच्या जागी आले, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी बायकोला उठवून ते दाखवलं.

मग वहिनींचा स्कॅन. ५१२ गुणिले ५१२ चे ३२० काप. म्हणजे ८ कोटी ३८ लाखांहून जास्त व्हॉक्सेल. व्हॉक्सेल म्हणजे ठिपक्याचा त्रिमितीतला भाऊ: खडीसाखरेच्या खड्यासारखा एक छोटा ठोकळा, आणि त्याच्या पोटात एक आकडा. तिथे क्ष-किरण किती अडतात हे सांगणारा तो आकडा हाउन्सफील्ड एककांत असतो. हवा उणे १०००, पाणी ०, चरबी उणे १००च्या आसपास, स्नायू ४०-६०, आणि हाड काहीशेपासून पुढे. ज्यांच्या नावाचं हे एकक, त्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं गेलं, तेव्हा ते अवघं ८० गुणिले ८० ठिपक्यांचं होतं. माझ्यासमोर त्याच कल्पनेची १६० एमबीची फाइल होती.

इथे दोन चुका झाल्या. फाइलींच्या नावांप्रमाणे काप लावले, तर १ नंतर १०, मग १००, असा क्रम लागला आणि हनुवटीचे तुकडे कपाळात जाऊन बसले. प्रत्येक कापाच्या आत त्याची शरीरातली जागा मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, क्रम लावायचा तो तिच्यावरून. दुसरी चूक जास्त लबाड होती. फाइलीतला कच्चा आकडा म्हणजे हाउन्सफील्ड आकडा नव्हे, त्यातून १०२४ वजा करायचे होते. ते राहिलं तरी चित्र छान दिसतं, फक्त हाड म्हणून आपण जे दाखवतो ते हाड नसतं.

हाडाचा पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांनी काढण्याची नावाजलेली रीत म्हणजे मार्चिंग क्यूब्ज. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रातल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी ती १९८७ साली मांडली. शेजारच्या आठ व्हॉक्सेलांचा एक घन धरायचा. आपण एक उंबरठा ठरवायचा, मी ३०० ठरवला. घनाचा प्रत्येक कोपरा त्याच्या वर आहे की खाली, एवढंच बघायचं. आठ कोपरे, म्हणून २५६ शक्यता. फिरवून-उलटवून सारख्या होणाऱ्या एकत्र केल्या की उरतात १५. प्रत्येकीसाठी त्रिकोण कसे टाकायचे, याचं कोष्टक आधीच तयार. मग घनामागून घन असं सगळं डोकं चालत जायचं. कोष्टक हाताने लिहिण्याच्या फंदात नव्याने शिकणाऱ्याने पडू नये असं मला वाटतं. मी पडलो आणि दोन ठिकाणी भोकं राहिली. शेजारच्या दोन घनांचं एकाच सामाईक बाजूबद्दल एकमत झालं नाही की असं होतं.

सुरुवातीला मी हाड म्हणजे १, बाकी ० असा साचा करून त्यावर हे चालवलं. कवटीच्या माथ्यावर नदीच्या घाटासारख्या पायऱ्या उमटल्या. मूळ आकडे तसेच ठेवून, दोन कोपऱ्यांच्या मध्ये ३०० नेमका कुठे येईल ते मोजून त्रिकोणाचं टोक तिथे ठेवलं, तेव्हा माथा गुळगुळीत झाला. माहिती लवकर फेकली की ती नंतर कुठल्याही रंधा मारण्याने परत येत नाही, हे मी त्या पायऱ्यांवर शिकलो. ते मला पुढे पुन्हा शिकावं लागणार होतं.

कवटी तयार झाली. २४ लाख त्रिकोण. दातांत भरलेल्या चांदीत क्ष-किरण अडल्या-विखुरल्यामुळे तोंडापाशी सगळीकडे काटे आले होते, पण बाकी सुरेख. मी व्हिडिओ करून वहिनींना पाठवला. रात्री फोन आला.

"भावोजी, मोडलेली बाजू कुठली?"

"उजवी ना? तुम्हीच सांगितलंत."

"मग डाव्या खोबणीच्या तळाला एवढं भोक का?"

मी फिरवून बघितलं. त्यांचं खरं होतं. ज्या बाजूला काहीच झालं नव्हतं तिथे अंगठ्याच्या नखाएवढं भोक होतं. आणि जी बाजू फुटली होती तिचा तळ वाकडा, एका बारीक फटीचा, पण बऱ्यापैकी सलग दिसत होता. माझ्या चित्रावर विश्वास ठेवणारा विद्यार्थी चुकीच्या डोळ्यावर बोट ठेवेल. आणि छापायची होती ती नेमकी डावी बाजू.

आधी वाटलं, कोष्टकातली चूक अजून राहिली असेल. ती नव्हती. शेवटी कागद घेऊन एका व्हॉक्सेलचा हिशेब केला. खोबणीचा तळ जागोजागी अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. समजा ०.४ मिलिमीटर. आमच्या स्कॅनमधल्या प्रत्येक कापाची जाडी १ मिलिमीटर. म्हणजे त्या उंचीत ०.४ हाड, वर ०.३ डोळ्यामागची चरबी, खाली ०.३ सायनसमधली, म्हणजे गालाच्या आतल्या पोकळीतली हवा. हाडाचे ८०० धरले तर ३२०, चरबीचे उणे ३०, हवेचे उणे ३००. बेरीज उणे १०. म्हणजे हाड असून आकडा जवळपास पाण्याचा! ३००च्या उंबरठ्यावर ते कुठून दिसणार?

आणि फुटलेल्या बाजूला? तिथे अपघातानंतर सायनसमध्ये रक्त साचलं होतं. रक्ताचा आकडा साधारण ५०. हवेच्या उणे ३०० ऐवजी अधिक १५. बेरीज ३०५. जखमेमुळेच तिथलं हाड उंबरठा ओलांडून दिसू लागलं होतं. मी हा हिशेब वहिनींना फोनवर वाचून दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणून आम्ही आधी काप बघतो, थ्रीडी नंतर. सायनसमध्ये रक्त दिसलं की तळाबद्दल शंका घ्यायची, हे मी मुलांना पहिल्या आठवड्यात सांगते." मला ते चार दिवसांच्या हिशेबानंतर कळलं होतं, पण कळल्याचा आनंद खरा होता.

म्हणून ठरवलं, पृष्ठभाग काढायच्या आधी पूर्ण घनफळच, म्हणजे सगळे व्हॉक्सेल जसेच्या तसे, डोळ्यांनी बघू. याला रे कास्टिंग म्हणतात. स्टॅनफर्डचं ते डोकं ज्यांच्यामुळे प्रसिद्ध झालं, त्या मार्क लेव्हॉय यांचा यावरचा निबंध १९८८चा आहे. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात समोरच्या ट्रकचा लाल दिवा धुक्यातून दिसतो तसं समजा. पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण डोक्यात सोडायचा. तो जाता जाता अर्ध्या व्हॉक्सेलएवढ्या पावलांनी आकडे वाचतो. कोणत्या आकड्याला कोणता रंग आणि किती दाटपणा द्यायचा, हे आपण एका आलेखात आखून ठेवतो, त्याचं नाव ट्रान्सफर फंक्शन. जवळचं दाट असेल तर मागचं कमी दिसतं. दाटपणा ९५ टक्क्यांच्या वर गेला की पुढे चालण्यात अर्थ नाही, किरण तिथेच थांबवायचा.

पावलाची लांबी बदलली की चित्र गडद-फिकं होऊ लागलं, तेव्हा कळलं की दाटपणा पावलाच्या लांबीप्रमाणे घाताने बदलायचा असतो, नुसता गुणून चालत नाही. शिवाय हाडावर लाकडाच्या वलयांसारख्या रेषा उठत होत्या. प्रत्येक किरणाची सुरुवात थोडी मागेपुढे, यादृच्छिक केली की त्या रेषा फुटून बारीक रवा होतो, आणि डोळ्याला रवा खुपत नाही.

या पद्धतीत डावा तळ दिसला का? अर्धवट. उणे १० हा आकडा आला की मला दाटपणा द्यायचा होता, पण स्नायूही त्याच्या शेजारीच, ४०-६० वर. तळ दाखवायला गेलो की डोळा फिरवणारे स्नायू आणि गालाचं मांस पुढे उभं राहायचं. नुसत्या आकड्यावरून पातळ हाड आणि मांस वेगळं करता येत नाही. आकडा किती वेगाने बदलतोय, म्हणजे उतार किती आहे, तेही धरलं तेव्हा फरक पडला: मांसाच्या आत उतार जवळजवळ नसतो, आणि चरबीकडून हवेकडे जाताना कडा तुटल्यासारखा असतो. आता खोबणीच्या तळाला एक विरळ पडदा दिसू लागला. विरळ, पण सलग. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आपण डेटा जसा आहे तसा बघतोय.

फक्त लॅपटॉप रडत होता. १२८० गुणिले ७२० चा पडदा म्हणजे ९ लाखांवर किरण, प्रत्येकाची ६०० पावलं धरली तर एका चित्राला सुमारे ५५ कोटी वाचनं. कवटी फिरवली की चित्र अडखळायचं. उपाय जुना आणि सोपा आहे. सगळ्या घनफळाचे ८ गुणिले ८ गुणिले ८ चे ठोकळे पाडायचे. असे १,६३,८४० झाले. प्रत्येकातला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा आकडा लिहून ठेवायचा. त्या पट्ट्यात आपल्याला काही दाखवायचंच नसेल, तर किरणाने तो ठोकळा एका उडीत ओलांडायचा. डोक्याबाहेरची हवा, कवटीच्या आतला मेंदू, सगळं वगळलं गेलं. फक्त ठोकळ्यांच्या सांध्यांवर काळ्या चिरा पडल्या, कारण काठावरचं वाचन शेजारच्या ठोकळ्यातला आकडाही वापरतं. लहान-मोठा ठरवताना शेजारची एक ओळ धरली आणि चिरा गेल्या. कवटी बोटाबरोबर फिरू लागली.

एवढं माझ्या लॅपटॉपवर. मिरजेच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर १६० एमबी पाठवून चालणार नव्हतं. इथून खरं काम सुरू झालं: काय टाकायचं?

घनफळ प्रत्येक दिशेला निम्मं केलं की २० एमबी उरतात. आठ व्हॉक्सेलांचा एक करायचा. पण एक म्हणजे कोणता? सरासरी घेतली तर पातळ हाड आणखी पातळ होऊन गेलं, मुळात जेमतेम दिसणारा तो पडदा पुसलाच गेला. आठांतला मोठा आकडा घेतला तर हाड राहिलं, पण उजवीकडची फट बुजली. म्हणजे एका रीतीने चांगली बाजू मोडली आणि दुसरीने मोडलेली बाजू जोडली गेली. मी दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावून बराच वेळ बसलो होतो. दोन्ही सुबक होती.

मग त्रिकोण कमी करून पाहिले. मायकेल गारलंड आणि पॉल हेकबर्ट यांची १९९७ची रीत यासाठी अजूनही उत्तम आहे. प्रत्येक टोक आपल्याभोवतीच्या त्रिकोणांची प्रतलं लक्षात ठेवतं, आणि त्या सगळ्या प्रतलांपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज फक्त १० आकड्यांत मावते. दोन टोकं एकात मिटवायची झाली तर त्या दोघांचे १० आकडे मिळवायचे आणि नुकसान किती होईल ते काढायचं. सगळ्यांत स्वस्त जोडी आधी मिटवायची, मग पुढची. सपाट कपाळावरचे हजारो त्रिकोण झरझर विरघळतात आणि दातांच्या कडा तग धरून राहतात. हे पडद्यावर घडताना बघणं फार देखणं आहे. २४ लाखांवरून १ लाख २० हजारांवर आलो. १२ कोटी बाइटांची फाइल ६० लाखांवर आली.

मूळ आणि कमी केलेल्या कवटीतलं सरासरी अंतर ०.०८ मिलिमीटर भरलं. मला धन्य वाटलं. झोपायच्या आधी सहज म्हणून कमाल अंतरही काढलं: १.९ मिलिमीटर. जिथे फरक जास्त तिथे लाल, असा रंग कवटीवर चढवला. सगळी कवटी निळी, आणि उजव्या खोबणीच्या तळाशी एक लाल ठिपका. तिथली फट शिवली गेली होती. गारलंड-हेकबर्ट यांच्या रीतीत, कडेने न जोडलेली पण ठरावीक अंतराच्या आत असलेली टोकंसुद्धा एकत्र करायची मुभा असते. विखुरलेले तुकडे जोडायला ती सोय चांगली. मी ते अंतर १ मिलिमीटर ठेवलं होतं, आणि फट त्याहून अरुंद होती. जिच्यासाठी हा स्कॅन जपला गेला ती एकमेव गोष्ट मी पुसली होती, आणि सरासरीने मला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. लाखभर निरोगी त्रिकोणांत एक फट बुडून जाते.

ते अंतर शून्य केलं. मानेशी जिथे स्कॅन संपतो तिथली उघडी कड कुरतडली जात होती, तिला आधार म्हणून काटकोनात जादा प्रतलं दिली. पण मूळ प्रश्न आकड्यांनी सुटणारा नव्हता. या कवटीत काय महत्त्वाचं आहे, हे त्या १० आकड्यांना माहीत नाही. मलाही नव्हतं. वहिनींना माहीत होतं.

संक्रांतीला पुन्हा मिरजेला गेलो. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, जिथे काहीही हरवता कामा नये तिथे चौकट आखा." मला वाटलं होतं त्या दोन खोबण्या आखतील. त्यांनी आखली ती चौकट खोबणीच्या कडेपासून मागे डोळ्याची नस आत येते तिथपर्यंत आणि खाली सायनसच्या तळापर्यंत गेली. "जाळीला मागे टेकायला हाडाची जी कड लागते ती इथे आहे," त्या म्हणाल्या. "ती नसेल तर मुलं जाळी हवेत वाकवतील." मग चौकटीच्या आत एकही त्रिकोण कमी करायचा नाही आणि बाहेर हवं तेवढं दाबायचं, असं ठरलं. घनफळाचंही तसंच: चौकटीतले ठोकळे पूर्ण बारकाव्याने, बाकीचे निम्म्याने. डोक्याच्या मागचा भाग आणि कानामागच्या हाडातल्या शेकडो बारीक हवेच्या खणांचे त्रिकोण, जे कुणी कधी बघणार नव्हतं, त्यांतून सगळी बचत निघाली.

डाव्या तळाचं भोक मात्र उरलं होतं. छापलेल्या प्लास्टिकला विरळ पडदा चालत नाही, हाड आहे किंवा नाही एवढंच. त्यावर उपाय सुचला तो त्याच हिशेबातून. हाड दिसत नसलं तरी त्याच्याखालची हवा ठळक दिसते. म्हणून चौकटीच्या आत उंबरठा ३०० ऐवजी उणे ५०० ठेवून सायनसच्या हवेची वरची सीमा काढली. तळ त्या सीमेला लागूनच असणार. तिला वरच्या बाजूने अर्ध्या मिलिमीटरची जाडी दिली आणि हा थर मूळ घनफळात, जो आकडा मोठा तो ठेवून, मिसळला. मगच पुन्हा मार्चिंग क्यूब्ज. त्रिकोणांच्या पातळीवर ठिगळ लावण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ निघालं. वहिनींनी एकेका कापावर नव्या थराची रेषा तपासली, आणि तीन ठिकाणी सायनसचं आतलं अस्तर जाड असल्यामुळे ती वर सरकली होती, तिथे खाली ओढायला लावली.

भरलेला भाग मी पडद्यावर पिवळ्या रंगात ठेवला आहे. तो मोजलेला नाही, अनुमानाने काढलेला आहे, आणि हे बघणाऱ्याला कळलंच पाहिजे. पांढरा केला असता तर चित्र जास्त सुंदर दिसलं असतं, पण मला ते करवलं नाही.

आरशातली प्रतिमा काढताना प्रत्येक त्रिकोणाच्या टोकांचा क्रमही उलटवावा लागतो, नाहीतर छापणाऱ्या यंत्राला वस्तूची आतली बाजू बाहेरची वाटते. हे आधी वाचलेलं असल्यामुळे पहिलंच प्लास्टिक नीट आलं. वहिनींनी ते नखाने वाजवून पाहिलं, तळावरून अंगठा फिरवला आणि मागच्या कडेशी थांबल्या.

मोबाइलवरच्या कवटीच्या कोपऱ्यात आता दोन ओळी असतात: चौकटीत कमाल फरक ०, चौकटीबाहेर कमाल फरक ०.६ मिलिमीटर. सरासरी मी लिहीतच नाही. परवा वहिनींनी दुसरा पेनड्राइव्ह पाठवला, खालच्या जबड्याचा. सोबत कागदावर हाताने काढलेली जबड्याची आकृती होती आणि तिच्यावर लाल पेनाने चौकट आधीच आखलेली होती.